नोकरीच्या टेस्टसाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ मारण्याआधी

जरा लांब पोस्ट आहे. पण घरात कोडिंग करणारं पोरगं किंवा पोरगी असेल, किंवा तुम्ही एखाद्या पतसंस्थेच्या, शाळेच्या, नगरपरिषदेच्या कारभारात असाल, तर शेवटपर्यंत वाचा. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण नुसता कॉम्प्युटरचा नाही.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांत एक नवा वर्ग तयार झालाय. डिप्लोमा किंवा बीसीए झालेली, पुण्यातलं खोलीभाडं परवडत नाही म्हणून घरीच राहिलेली, फायबरचं कनेक्शन घेऊन वरच्या खोलीत बसलेली मुलं-मुली. कुणी दुकानदारांच्या वेबसाइट करतं, कुणी परदेशातलं तासावरचं काम घेतं. पोरगं नक्की काय करतं हे घरच्यांना सांगता येत नाही, ‘कॉम्प्युटरवर असतो’ एवढंच. पण चार पैसे घरात येतात आणि शेतीच्या भरवशावर राहावं लागत नाही, म्हणून सगळे खूश असतात.

या मुलांना सध्या एका खास पद्धतीने गाठलं जातंय. आणि ज्या गोष्टीचा वापर करून गाठलं जातंय, ती त्यांच्या रोजच्या कामातली सगळ्यात सोयीची गोष्ट आहे. स्क्रिप्ट.

पद्धत साधारण अशी. लिंक्डइनवर मेसेज येतो. समोरच्याचा फोटो, कंपनी, अनुभव, सगळं व्यवस्थित. तुमचं प्रोफाइल आवडलं, घरून काम, डॉलरमध्ये पगार. एक-दोन दिवस बोलणं होतं, कधी व्हिडिओ कॉलही ठरतो. मग म्हणतात, एक छोटी टेस्ट आहे. गिटहबवर प्रोजेक्ट ठेवलाय, तो उतरवून घ्या, एडिटरमध्ये उघडा, ‘एनपीएम इन्स्टॉल’ मारा, चालवून बघा आणि त्यातली चूक दुरुस्त करून द्या. वेळ कमी आहे. यात कुठेही पैसे मागितलेले नसतात. ओटीपी नाही, आधार नंबर नाही, रजिस्ट्रेशन फी नाही. ‘हे मागितलं तर समजा फसवणूक आहे’ म्हणून आपण पत्रकार मंडळी आजवर जे जे छापत आलो, त्यातलं काहीच नसतं. आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ तर ही मुलं दिवसातून दहा वेळा मारतात.

त्या एका एंटरमध्ये काम होऊन जातं. मागे एक स्क्रिप्ट चालते, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलते, क्रिप्टोचं वॉलेट असेल तर ते चाचपते, आणि नंतर कधीही आत येता यावं म्हणून मागचं दार उघडं ठेवून जाते. पालो आल्टो नेटवर्क्स या कंपनीच्या ‘युनिट ४२’ या शोधगटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ही मोहीम जगासमोर मांडली आणि तिला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं. यामागे उत्तर कोरियाशी जोडलेले गट आहेत असं तेव्हापासूनचे तपास सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या वरच्या खोलीतल्या पोराची ‘मुलाखत’ घेणारा माणूस कुठल्या देशाच्या पगारावर असेल, याचा नेम नाही.

ओळखीतल्या एका मुलाच्या बाबतीत हे झालं. नाव-गाव देत नाही. त्याच्या स्वतःच्या खात्यात चोरण्यासारखं फार नव्हतं. पण त्याच लॅपटॉपवर एका पतसंस्थेच्या आणि दोन शाळांच्या साइटच्या किल्ल्या होत्या. टेस्ट पाठवल्यावर समोरच्याने उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी ते प्रोफाइलच गायब, तेव्हा याच्या पोटात गोळा आला. दोन रात्री जागून त्याने एकेक पासवर्ड बदलला. पतसंस्थेच्या मॅनेजरना सांगायला गेला तर ते म्हणाले, “अरे बाळा, आपल्या साइटवर चोरण्यासारखं आहे काय? संचालकांचे फोटो?” त्या साइटवर कर्जाचे अर्ज भरले जात होते, आधार-पॅनच्या फोटोसकट. पोलीस ठाण्यात गेला. ओटीपी कुणाला दिला? दिला नाही. पैसे किती गेले? गेले नाहीत. मग तक्रार कसली? हवालदारांचाही दोष म्हणवत नाही. त्यांच्यासमोरच्या फॉर्मात फसवणुकीची रक्कम लिहायला जागा होती, किल्ली चोरीला गेली हे लिहायला नव्हती.

मला स्वतःला कोड लिहिता येत नाही. पण या पोराशेजारी बसून मी टर्मिनलवर काय काय होतं ते बघितलं, आणि नंतर जमेल तेवढं वाचलं. त्यातून जे समजलं ते इथे साध्या भाषेत मांडतोय. तांत्रिक मंडळींनी खाली भर घालावी.

स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची यादी. नवा लॅपटॉप घेतला की कोडवाल्याला आधी एडिटर बसवावा लागतो, म्हणजे त्याची लिहायची वही. मग त्या एडिटरची एक्स्टेन्शनं, मग प्रत्येक प्रोजेक्टला लागणारी पॅकेजं, मग सेटिंग. हाताने करायचं तर दिवस मोडतो, आणि एखादी पायरी सुटली की पुढचं सगळं बोंबलतं. म्हणून हे लोक सगळे हुकूम एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवतात. फाइल चालवली की चहा होईपर्यंत अख्खी मांडामांड तयार. चार मित्र एकाच प्रोजेक्टवर असतील तर चौघांच्या मशीनवर तंतोतंत सारखं. ही आळशीपणाची गोष्ट नाही, उलट शिस्तीची आहे. आमच्या छापखान्यात जुने फोरमन पानाची मांडणी ठरवून ठेवायचे, रोज नव्याने डोकं चालवायचे नाहीत, तसंच हे. तेव्हा स्क्रिप्ट वाईट असं मी अजिबात म्हणत नाहीये.

घोळ पुढे आहे. स्वतः लिहिलेली यादी चालवणं वेगळं आणि दुसऱ्याने लिहिलेली न वाचता चालवणं वेगळं. पॅकेज मॅनेजर नावाचं जे साधन आहे, ते हा फरक पुसून टाकतं.

पॅकेज मॅनेजर म्हणजे किराणा आणून देणारा गडी समजा. जावास्क्रिप्टवाल्यांचा गडी म्हणजे एनपीएम. त्याच्या गोदामात वीस लाखांहून जास्त पॅकेजं आहेत, बहुतेक फुकट, जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेली. तुम्ही एक मागवलं की त्याला लागणारी दहा येतात, त्या दहांना लागणारी शंभर येतात. क्रिएट रिॲक्ट ॲप नावाच्या एका लोकप्रिय साधनाने कोरा प्रोजेक्ट सुरू केला तरी मागे हजाराच्या वर पॅकेजं उतरायची. कुणाच्या हातची, कुणी तपासली, काही पत्ता नाही. आणि ही पॅकेजं नुसती येऊन पडत नाहीत. प्रत्येक पॅकेजला आपली एक स्क्रिप्ट सोबत आणायची मुभा असते, बसवण्याआधी चालणारी किंवा बसवल्यावर चालणारी. ती तुमच्या मशीनवर, तुमच्या नावाने, तुमच्या अधिकारात चालते. विचारत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या कोऱ्या स्टँपपेपरवर अंगठे उठवले. त्यांना वाचता येत नव्हतं. या मुलांना वाचता येतं, पण हजार पॅकेजं वाचायची म्हटली तर आयुष्य पुरायचं नाही. अंगठा तोच.

या सगळ्या डोलाऱ्याचा पाया किती बारीक आहे ते जगाला पहिल्यांदा नीट कळलं २२ मार्च २०१६ ला. अझेर कोचुलू नावाच्या प्रोग्रॅमरचं ‘किक’ नावाचं एक पॅकेज होतं. किक याच नावाची कॅनडातली मेसेजिंग कंपनी म्हणाली, नाव आमचं. एनपीएम चालवणाऱ्यांनी नाव कंपनीला दिलं. कोचुलू चिडला आणि त्याने आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं गोदामातून काढून घेतली. त्यातलं एक होतं लेफ्ट-पॅड. जेमतेम अकरा ओळी. काम काय, तर मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा किंवा शून्यं भरून तो ठरावीक लांबीचा करणं. पावती क्रमांक ७ ला ००७ करतात ना, तेवढंच. त्या अकरा ओळी गेल्या आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या स्क्रिप्ट धडाधड पडायला लागल्या, कारण बेबेल नावाच्या बड्या साधनाच्या पोटात कुठेतरी खोल लेफ्ट-पॅड होतं. काही तासांत एनपीएमने मालकाच्या मनाविरुद्ध ते पॅकेज परत आणलं, आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमच बदलले.

लेफ्ट-पॅडचा किस्सा सगळे कौतुकाने सांगतात, कारण तो गमतीदार आहे. त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. सॅम सॅकोन नावाच्या प्रोग्रॅमरने एनपीएमला आधीच कळवलं होतं की इन्स्टॉलच्या वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टचा वापर करून एक किडा तयार करता येईल. एका प्रोग्रॅमरच्या मशीनवर शिरायचं, त्याच्या खात्यातून त्याच्याच पॅकेजांत स्वतःला घुसवायचं, ती पॅकेजं बसवणाऱ्या पुढच्याच्या मशीनवर जायचं, असं पसरत राहायचं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट समन्वय केंद्राने मार्च २०१६ मध्ये याची जाहीर नोंद केली. एनपीएमची तेव्हाची भूमिका थोडक्यात अशी होती की या स्क्रिप्टचा उपयोग किड्याच्या धोक्यापेक्षा मोठा आहे, तेव्हा सोय चालू राहील.

सप्टेंबर २०२५ मध्ये तो किडा आला. ‘शाय-हुलूद’ असं त्याचं नाव पडलं. पद्धत जवळपास तीच, जी नऊ वर्षांपूर्वी लिहून दिली होती. पॅकेज बसल्यावर चालणारी स्क्रिप्ट, तिने मशीनवरच्या किल्ल्या शोधायच्या, चोरलेला ऐवज गिटहबवर उघड्यावर मांडायचा, आणि त्या प्रोग्रॅमरच्या बाकीच्या पॅकेजांत शिरायचं. पाचशेहून जास्त पॅकेजं बाधित झाल्याचं अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने सांगितलं. त्याच्या आठवडाभर आधीच एका पॅकेजकर्त्याला हुबेहूब अधिकृत वाटणारा ईमेल पाठवून त्याच्या खात्यात शिरलेल्या चोरांनी अठरा पॅकेजं बाटवली होती. ती मिळून आठवड्याला दोनशे कोटींहून जास्त वेळा उतरवली जातात. नोव्हेंबरमध्ये किड्याची दुसरी लाट आली. ही तर पॅकेज बसायच्या आधीच चालणारी, आणि काही हाती लागलं नाही तर मशीनवरच्या फाइली पुसून टाकायचा प्रयत्न करणारी.

आता मला सांगा, याला अपघात म्हणायचं का? धोका माहीत होता, लेखी होता, आणि सोय बंद करायची सेटिंगसुद्धा होती. फक्त ती तुम्हाला शोधून, समजून, स्वतःहून बंद करावी लागत होती. हे म्हणजे नगरपरिषदेने रस्त्यावर उघडं गटार ठेवायचं आणि म्हणायचं, झाकण ऑफिसात आहे, ज्याला पाहिजे त्याने घेऊन जावं. पीएनपीएम नावाच्या दुसऱ्या, छोट्या पॅकेज मॅनेजरने जानेवारी २०२५ च्या आवृत्तीपासून या स्क्रिप्ट आपोआप चालणं बंद केलं. ज्याला लागेल त्याने नाव घेऊन परवानगी द्यायची. म्हणजे करता येत होतं. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं आहे, आणि एनपीएम २०२० पासून गिटहबचं. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीच्या हातात हे गोदाम आहे, तेव्हा पैसे नव्हते असं कुणी सांगू नये.

एडिटरचीही तीच तऱ्हा. व्हीएस कोड नावाचा एडिटर आपल्याकडची बहुतेक मुलं वापरतात, तोही मायक्रोसॉफ्टचाच. नवा फोल्डर उघडला की तो विचारतो, या फाइली लिहिणाऱ्यांवर तुमचा विश्वास आहे का? ही सोय २०२१ मध्ये आली. हेतू चांगलाच. कारण फोल्डरमध्ये एक बारीक फाइल ठेवून, फोल्डर उघडताच अमुक हुकूम चालव असं एडिटरला सांगता येतं. पण हा प्रश्न रोज, प्रत्येक फोल्डरला येतो. दहाव्या वेळेला माणूस वाचायचं सोडतो. बँकेत केवायसीच्या फॉर्मवर जिथे जिथे पेन्सिलीची फुली असते तिथे आपण सही करत जातो, तसं होतं. नोकरीच्या टेस्टवाल्या टोळ्यांनी अलीकडे नेमका हाच रस्ता धरलाय. ‘एनपीएम इन्स्टॉल’ मारायचीही गरज नाही, फोल्डर उघडा आणि ‘विश्वास आहे’ म्हणा, बस्स. एक्स्टेन्शनचंही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘ग्लासवर्म’ नावाचा जो प्रकार सापडला, त्यात एडिटरच्या एक्स्टेन्शनमधला घातकी कोड डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत लिहिला होता. कोड उघडून वाचला असता तरी तिथे मोकळी जागाच दिसली असती.

वाचूनही दिसत नाही म्हटल्यावर पोरांनी करायचं काय, असा प्रश्न मी त्या मुलाला विचारला. तो म्हणाला, “काका, एक्सझेडचं वाचा.”

वाचलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचं साधन, लिनक्सच्या असंख्य सर्व्हरांत असणारं. लासे कोलिन नावाचा फिनलंडचा माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ च्या सुमाराला काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे भुणभुण लावली, कामं रखडली आहेत, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. तो थकलेला होता, तब्येतीचंही त्याने लिहिलं होतं. त्याच वेळी ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस हजर झाला. सभ्य, कामसू, चिकाटीचा. दोनेक वर्षं त्याने खरोखर चांगलं काम केलं, हळूहळू हक्क मिळवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला एक्सझेडमध्ये चोरदरवाजा बसवला. कुठे, तर मूळ कोडमध्ये सहज दिसेल असा नाही. तपासणीच्या फाइलींच्या पोटात माल लपवला, आणि तो बाहेर काढून बसवणारी ओळ ठेवली प्रोग्रॅम तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. तीही फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात, सगळ्यांसमोर असलेल्या मूळ कोडमध्ये नाही. कारण ती स्क्रिप्ट कुणीच वाचत नाही, ती फक्त चालवायची असते.

सापडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर आपल्या डेटाबेसच्या वेगाची मोजणी करत होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं त्याला दिसलं. अर्धा सेकंद! दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ ला जगाला कळवलं. चोरदरवाजा तोवर लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांत पोहोचला होता, सर्वसामान्य आवृत्त्यांत जायचा होता. गेला असता तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

मला या गोष्टीत तो थकलेला कोलिन जास्त छळतो. सगळं जग ज्याच्या फुकटच्या कामावर उभं, त्याला एक पगारी मदतनीस कुणी दिला नाही, म्हणून चोराला मदतनीस होऊन शिरता आलं. आपल्याकडे गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, पाणीपुरवठ्याचा हंगामी कर्मचारी, हे बघा. पंधरा वर्षं एकाच माणसाच्या जिवावर व्यवस्था चालते, आणि तो आजारी पडला की सगळ्यांना कळतं की अशी व्यवस्था होती. जर्मनी सरकारने २०२२ मध्ये अशा फुकट सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना सरकारी पैसा द्यायला स्वतंत्र निधी काढला. आपल्या केंद्र सरकारचं ओपन सोर्स वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे. वापरण्याचं. झिरोधाने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला, त्याचं कौतुक आहे, पण ती एक खाजगी कंपनी आहे. सरकारचं काम ती किती दिवस करणार?

आता आपल्या अंगणात येऊ. सातबारा ऑनलाइन, पीक पाहणी मोबाइलवर, शिष्यवृत्ती ऑनलाइन, घरपट्टी ऑनलाइन. मोठी कामं मोठ्या संस्था करतात. पण नगरपरिषदेची साइट, बाजार समितीचं ॲप, पतसंस्थेचं पोर्टल, शाळेचं प्रवेशाचं पान, ही कामं कुणाकडे जातात? सगळ्यात कमी दराच्या निविदेला. तो कंत्राटदार ते पुढे देतो, आणि शेवटी काम येतं त्या वरच्या खोलीतल्या पोराकडे. आठ-दहा हजारांत. तो स्क्रिप्ट चालवतो, हजार पॅकेजं उतरवतो, साइट उभी राहते, उद्घाटनाला नारळ फुटतो, आमदारांचा फोटो आम्हीच छापतो. सर्व्हरची किल्ली त्या पोराच्या लॅपटॉपवर, जिथे तो संध्याकाळी नोकरीसाठी टेस्ट देतो. म्हणजे उत्तर कोरियावाल्या टोळीला आपल्या पतसंस्थेत शिरायला पतसंस्था शोधावी लागत नाही, बेकार पोरगं शोधावं लागतं. ते आपल्याकडे मुबलक आहेत.

नियम नाहीत असं नाही. सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, जुलै २०२५ मध्ये ती वाढवली. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांसाठी, अत्यावश्यक सेवांसाठी, सॉफ्टवेअर निर्यातदारांसाठी. औषधाच्या पाकिटावर घटक लिहितात तशी यादी, कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती, कुठून आलं. सेबीने शेअर बाजारातल्या संस्थांकडून ती मागायला सुरुवात केली. युरोपने तर कायदाच केलाय, त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. यादी असली की किडा आला त्या दिवशी निदान कळतं की तो आपल्या घरात आहे का. यादीच नसेल तर शोधणार काय? पण हे कागद दिल्लीत आहेत. आमच्याकडे निविदेच्या अटींत मी अजून ‘वार्षिक देखभाल’ या दोन शब्दांपलीकडे काही वाचलेलं नाही.

कॉलेजांचं तर विचारू नका. या मुलाला डिप्लोमाच्या तीन वर्षांत पॅकेज मॅनेजर कसा वापरायचा हे शिकवलं नाही, तो यूट्यूबवर शिकला. आणि यूट्यूबवर शिकवणारा म्हणतो, हा हुकूम कॉपी करा, पेस्ट करा, एंटर मारा. सायबर जागृतीची व्याख्यानं होतात, त्यात अनोळखी लिंकवर क्लिक करू नका सांगतात. कोडिंगचं काम म्हणजे दिवसभर अनोळखी लोकांचा कोड उतरवणंच असतं, हे व्याख्यात्याच्या गावीही नसतं.

मग पोरांनी करायचं काय, तर त्यातल्या जाणत्यांनी सांगितलेलं लिहितो. मुलाखतीचा प्रोजेक्ट आपल्या कामाच्या मशीनवर कधीच उघडू नये. व्हर्च्युअल मशीन किंवा ऑनलाइन मिळणारं वेगळं मशीन वापरावं, जिथे आपली एकही किल्ली नाही. पॅकेजांच्या आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद करायची सेटिंग कायमची करून टाकावी, लागेल तिथेच उघडावी. एडिटरने विश्वासाचं विचारलं तर अनोळखी फोल्डरला ‘नाही’ म्हणावं, वाचायला तरीही येतं. लॉक फाइल असते, तिच्यात लिहिलेल्याच आवृत्त्या बसवाव्यात, आणि आज आलेली नवी आवृत्ती आजच घेऊ नये, चार-आठ दिवस थांबावं. बरेच किडे तेवढ्यात पकडले जातात. ग्राहकांच्या सर्व्हरच्या किल्ल्या ब्राउझरमध्ये साठवू नयेत. आणि किल्ली गेल्याची शंका आली तर लाजू नये, आधी ज्यांची किल्ली होती त्यांना सांगावं. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन. त्या मुलाने हे शेवटचं केलं, शिव्या खाण्याची तयारी ठेवून केलं, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. त्याच्या जागी मोठी कंपनी असती तर आधी वकिलाला फोन केला असता.

पण सगळा भार पोरांवर टाकणं मला पटत नाही. आठ हजारांत साइट करून घ्यायची आणि वर सुरक्षेची अपेक्षा ठेवायची, हे चालणार नाही. ज्या संस्थेने काम दिलं तिने यादी मागावी, किल्ल्या स्वतःकडे ठेवाव्यात, आणि देखभालीचे पैसे निविदेत वेगळे धरावेत. सर्ट-इनची तत्त्वं मराठीत, चार पानांत, प्रत्येक नगरपरिषदेच्या संगणक विभागात लावली तरी पुष्कळ.

यावर एक आक्षेप येतो, तो ऐकून घेतलाय. पॅकेजांची यादी उघड केली तर चोरालाच वाट दाखवल्यासारखं होईल. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. म्हणून मी यादी मागितलेली नाही. आमच्या नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज दिलाय, त्यात तीनच प्रश्न आहेत. नगरपरिषदेच्या साइटमधल्या घटकांची यादी कार्यालयाकडे आहे का, हो की नाही. सर्व्हरची किल्ली कार्यालयातल्या कुठल्या पदाकडे आहे. आणि कंत्राटात देखभालीसाठी वर्षाला किती रक्कम धरली आहे.

अर्जावर पोच मिळालीये. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तोवर आपापल्या गावात हेच तीन प्रश्न विचारायला कुणाची हरकत नसावी, अर्जाचा मजकूर कमेंटमध्ये ठेवतोय.